खडूत असेपर्यंत

माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. त्यात एकाच ॲनिमेशनच्या अकरा फायली आहेत आणि अकराही फायलींच्या नावात 'फायनल' हा शब्द आहे. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की', 'फायनल निळा रंग'... ज्यांनी प्रबंध लिहिलाय त्यांना ही नावं ओळखीची वाटतील. या अकरा फायलींचे मला मिळालेले पैसे शून्य. तरी ते फोल्डर मी काढून टाकलेलं नाही. नवीन काम घ्यायच्या आधी एकदा उघडून बघते.

मी स्कॉटलंडमध्ये, डंडीला पोस्टडॉक आहे. हे गाव एकेकाळी तागाच्या गिरण्यांचं, मग 'बीनो' कॉमिकचं, आणि नंतर व्हिडिओ गेमचं. 'लेमिंग्ज' आणि पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' इथेच तयार झाले. त्यामुळे 'काय करतेस?' या प्रश्नाला 'दिवसा प्रथिनं आणि रात्री ॲनिमेशन' असं उत्तर दिलं, तरी इथे कुणी फारसं चमकत नाही. चमकतात ते आपले लोक. "म्हणजे कार्टून?" असं विचारतात. नाही हो, कार्टून नाही.

माझं संशोधन किनेसिन नावाच्या प्रथिनावर आहे. पेशीमध्ये सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात, आणि त्यांवरून हे प्रथिन पाठीवर ओझं घेऊन चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. मी सांगलीची. आमच्याकडच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल बघतच मोठी झाले. त्यामुळे किनेसिनवर माझा पहिल्यापासून जीव जडला. २०२० साली लॉकडाऊनमध्ये लॅब बंद झाली, पीएचडी अर्धवट होती आणि हातात पिपेट नव्हतं. तेव्हा 'ब्लेंडर' हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि शिकायला लागले. प्रथिनांच्या रचना 'प्रोटीन डेटा बँके'त कुणालाही फुकट मिळतात. १९७१ पासून जगभरचे शास्त्रज्ञ तिथे आपल्या रचना जमा करत आलेत. ती घ्यायची, ब्लेंडरमध्ये आणायची, रंग द्यायचा, प्रकाश टाकायचा आणि चालायला लावायचं. वीस सेकंदांचा किनेसिन चालवायला मला दोन महिने लागले.

माझ्या गाइडनी तो एका भाषणात दाखवला. मग शेजारच्या लॅबने मागितला. मग त्यांच्या ओळखीच्यांनी. डंडीला येईपर्यंत मी सात-आठ जणांना अशी कामं करून दिली होती आणि बदल्यात शोधनिबंधाच्या शेवटी आभार, दोन कॉफ्या आणि एक वाइनची बाटली मिळवली होती. मी वाइन पीत नाही.

पैशांचं पहिलं काम २०२३ च्या शरद ऋतूत आलं. इंग्लंडमधली एक छोटी कंपनी होती. त्यांच्या औषधाचा रेणू पेशीच्या पडद्यातून आत कसा जातो, हे दाखवणारी एक मिनिटाची फिल्म त्यांना हवी होती. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "तुमचा दर काय?" मला घाम फुटला. आपल्याकडे मुलीला बुद्धिमान, नम्र, कष्टाळू होण्याचं शिक्षण मिळतं, पण स्वतःच्या कामाची किंमत तोंडाने उच्चारण्याचं मिळत नाही. मी तीनशे पौंड म्हणाले, आणि समोरून होकार यायच्या आत "कमीजास्त करता येईल" असंही म्हणून टाकलं. कागद केला नाही. चार मेल झाले, तेवढाच करार.

त्या तीनशेचा हिशेब मी खूप नंतर मांडला. पटकथा सहा तास, चित्रफलक आठ, प्रथिनं आणि पडदा उभा करायला वीस, हालचाल पंचवीस, रंग-प्रकाश दहा, रेंडरिंगवर लक्ष ठेवायला पाच, संकलन आणि आवाज सहा, आणि बैठका-मेल दहा. एकूण नव्वद तास, म्हणजे ताशी तीन पौंड तेहेतीस पेन्स. तेव्हा इथलं किमान वेतन ताशी १०.४२ पौंड होतं. कॉफीच्या दुकानात कप विसळून मी तिप्पट कमावले असते, आणि वर एक कॉफी फुकट मिळाली असती.

पण खरा घोळ दराचा नव्हता. फिल्म पूर्ण झाली, पाठवली. उत्तर आलं, "अप्रतिम! फक्त पडद्याचा रंग थोडा बदलता येईल का?"

हा 'फक्त' समजून घ्यायला थोडं गणित लागतं. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे मिनिटाला १५००. माझ्या त्या दृश्यात संगणकाला एक चित्र रंगवायला साधारण चार मिनिटं लागत होती. १५०० गुणिले चार म्हणजे सहा हजार मिनिटं, शंभर तास. रंग बदलणं हे माझ्यासाठी एका क्लिकचं काम, पण तो बदल पडद्यावर यायला चार दिवस चार रात्री. ग्राहकाला हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. ते सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. "हो, नक्की!" म्हणाले. अकरा वेळा.

आणि शंभर तास माझ्या बिचाऱ्या लॅपटॉपला झेपणारे नव्हते. आमच्या लॅबमध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची चित्रं सोडवण्यासाठी एक दणकट मशीन आहे. रात्री ते रिकामं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. एका शुक्रवारी संध्याकाळी रेंडर लावून घरी गेले. त्याच मशीनवर आमच्या लॅबमधल्या एका पीएचडीच्या मुलीचं गणन चालू होतं. ग्राफिक्स कार्डची मेमरी माझ्या पडद्याने भरून टाकली आणि तिचं काम मधेच कोसळलं. तिला ते सोमवारी सकाळी कळलं. बुधवारी तिला परिषदेसाठी निकाल पाठवायचे होते.

मी जाऊन कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि परत स्क्रीनकडे वळली. दुपारी बॉसने बोलावलं. आवाज न चढवता त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे काम कुणाचं आहे? कुणाच्या वेळात चाललंय? आणि यंत्र कुणाचं? तिन्ही उत्तरं मला माहीत होती आणि एकही मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. बाहेरचं काम करायला विद्यापीठाची परवानगी लागते, तीही मी मागितली नव्हती. 'छोटंसंच तर काम आहे' हे माझं समर्थन. ग्राहक 'फक्त' म्हणत होता, मी 'छोटंसंच' म्हणत होते.

अकरावी फाइल गेल्यावर महिनाभर शांतता, आणि मग मेल आला. विपणनाचा प्रमुख बदलला आहे, नव्या धोरणात ही फिल्म बसत नाही, आणि 'अंतिम स्वरूप मंजूर झालेलं नसल्यामुळे' पैशांचा प्रश्न येत नाही. मी चिडून जुने मेल चाळले. त्यांचं म्हणणं चूक आहे असं सिद्ध करणारी एक ओळ मला सापडेना. काम 'पूर्ण' कशाला म्हणायचं, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या डिसेंबरात सांगलीला गेले. माझे वडील पेंटर, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. अण्णांच्या हाताची वळणदार अक्षरं गावात ठिकठिकाणी होती. फ्लेक्स आला तशी एकेक करून गेली. दोन-तीन जुन्या शटरवर आहेत अजून. अण्णा कलाकार माणूस. मित्राचं दुकान निघालं की बोर्ड फुकट, आणि 'पैसे देतो की पेंटर' म्हणणारा प्रत्येक जण त्यांचा मित्रच असायचा. घर चाललं ते आईमुळे.

रात्री जेवताना मी ही हकिकत सांगितली. फ्रीलान्स कमिशन मिळालं होतं, असं म्हणाले तर आई म्हणाली, "कमिशन म्हणजे दलाली केलीस का?" म्हटलं, नाही गं, ऑर्डर. मग तिने पुढचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"विसार किती घेतला होतास?"

"विसार नव्हता घेतला."

"मजकुरावर सही?"

मला कळलंच नाही. आई उठली आणि कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक लांबुडकी वही घेऊन आली. मी लहानपणापासून ती बघितली होती, पण किराणा-दुधाचा हिशेब असेल म्हणून कधी उघडली नव्हती. एकेका पानावर एकेक बोर्ड. लांबी-रुंदी फुटांत, पत्रा की लाकूड, जमिनीचा रंग, अक्षरांचा रंग. मधोमध दुकानाचं नाव, मालकाच्या स्वतःच्या हातचं, आणि खाली त्याची सही. एका कोपऱ्यात 'विसार', दुसऱ्यात 'बाकी'.

"हे सही-बिही कशाला?" मी विचारलं.

"एकदा एकाने बोर्ड झाल्यावर सांगितलं की 'श्री' दोनदा पाहिजे होता. म्हणे, मी तसंच सांगितलं होतं. रंग वाया, पत्रा वाया, दोन दिवस वाया. तेव्हापासून मी म्हटलं, तुमच्या हाताने लिहून द्या, मग ब्रश उचलतो."

अण्णा तिथेच बसले होते. "लोकांना राग यायचा हिचा," ते म्हणाले.

"यायचा की. पण खडूत असेपर्यंत मी कधी नाही म्हटलंय का?"

पाटी रंगवायच्या आधी पेंटर दोरीने रेघा मारून खडूने अक्षरं आखून घेतो. ती अवस्था आली की आई गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायची. अक्षर मोठं करा, लहान करा, नाव सरकवा, काय वाट्टेल ते. फडक्याने पुसायचं आणि पुन्हा आखायचं, त्याचे पैसे नाहीत. पण रंग लागल्यावर बदल सांगितला तर वेगळे पैसे, आणि ते आधीच सांगितलेले. आई दहावी नापास आहे. माझ्याकडे डॉक्टरेट आहे.

डंडीला परत आल्यावर मी दोन पानांचा कागद तयार केला. तोच आता प्रत्येक कामाला जोडते. तुमच्यापैकी कुणी चित्रं काढत असेल, भाषांतर करत असेल, वेबसाइट बांधत असेल तर उपयोगी पडेल, म्हणून त्यात काय आहे ते सांगते.

पहिलं म्हणजे टप्पे. पटकथा, चित्रफलक, मग ॲनिमॅटिक. ॲनिमॅटिक म्हणजे रंग-प्रकाश नसलेली, करड्या ठोकळ्यांची कच्ची फिल्म. हा माझा खडू. त्यानंतर तीन स्थिरचित्रं पूर्ण रंगात, म्हणजे पडदा निळा की केशरी हे तिथेच ठरतं. प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाने 'मंजूर' असं मेलवर लिहायचं. अंतिम रेंडरच्या आधी दोन फेऱ्या दुरुस्तीच्या, त्या किमतीतच धरलेल्या. रेंडर सुरू झाल्यावरच्या बदलाला तासाचा दर, आणि त्या बदलाला किती दिवस लागतील याचा आकडा. हा आकडा सांगायला लागल्यापासून 'फक्त' हा शब्द मेलमधून जवळजवळ नाहीसा झाला. लोक दुष्ट नसतात, त्यांना शंभर तास दिसत नसतात.

दुसरं, पैसे. निम्मे आधी, उरलेले अंतिम फाइल हाती देण्यापूर्वी. तोवर जी फिल्म जाते तिच्यावर आडवं नाव छापलेलं असतं. मधेच काम थांबवलं तर तोवर मंजूर झालेल्या टप्प्यांचे पैसे द्यायचे. बिलावर मुदतीची तारीख. ब्रिटनमध्ये १९९८ चा एक कायदा आहे, त्यानुसार व्यावसायिक ग्राहकाने बिल थकवलं तर बँक ऑफ इंग्लंडच्या दरावर आणखी आठ टक्के व्याज मागता येतं. मी अजून एकदाही मागितलेलं नाही, बिलाच्या तळाशी एक ओळ असते एवढंच.

तिसरं, हक्क. इथल्या १९८८ च्या कायद्याप्रमाणे फ्रीलान्सरने केलेल्या कामाचा कॉपीराइट मुळात त्याचाच राहतो. लेखी सही करून दिल्याशिवाय तो ग्राहकाकडे जात नाही. मी फिल्म वापरण्याचा परवाना देते. ब्लेंडरच्या मूळ फायली हव्या असतील तर त्यांची किंमत वेगळी. आणि अप्रकाशित संशोधन असेल तर गुप्तता किती आणि केव्हापर्यंत, हेही लिहिलेलं असतं.

चौथं कलम आईच्या वहीत नाही. ते शास्त्राचं आहे. पेशीच्या आत भयंकर गर्दी असते, आणि रेणू कुठेही नीट चालत जात नाहीत; धडका खात, थरथरत, योगायोगाने पोचतात. २००६ साली हार्वर्डसाठी केलेल्या 'द इनर लाइफ ऑफ द सेल' या फिल्ममधला ऐटीत चालणारा किनेसिन सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो, आणि प्रत्येकाला तसंच काहीतरी हवं असतं. थोडं सोपं करावंच लागतं, मीही करते. पण एका ग्राहकाला औषधाचा रेणू क्षेपणास्त्रासारखा सरळ कर्करोगाच्या पेशीवर जाताना आणि शेजारच्या निरोगी पेशींना स्पर्शही न करताना दाखवायचा होता. त्यांच्याच निबंधात तसं म्हटलेलं नव्हतं. आकडेवारीला लोक शंका घेतात, पण डोळ्यांनी पाहिलेल्या चित्राला घेत नाहीत. तो पडदा एखादा रुग्णही बघणार असतो. मी नकार दिला. तेव्हापासून कागदात एक ओळ आहे, की प्रकाशित पुराव्याच्या पलीकडचा दावा चित्रात येणार नाही. या ओळीमुळे एक काम गेलं. ते मोठं होतं.

परवानगीबद्दलही सांगायला हवं, कारण आपण सगळे कुठल्या ना कुठल्या व्हिसाच्या आधाराने उभे आहोत. मी ग्लोबल टॅलेंट व्हिसावर आहे, त्यावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. सगळ्यांना येत नाही. अमेरिकेत एच-१बी किंवा जे-१ वर असाल तर 'हौस म्हणून' घेतलेलं पैशांचं कामही महागात पडू शकतं. आधी विचारा, मग ब्लेंडर उघडा. मी विभागाकडून बाहेरच्या कामाची लेखी परवानगी घेतली, आठवड्याला सहा तासांची. जुनं ग्राफिक्स कार्ड विकत घेऊन घरी स्वतःचं मशीन जोडलं. इथे वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या अशा कमाईची नोंद करावी लागत नाही. त्यावर गेलात की ५ एप्रिलला संपणाऱ्या करवर्षाचं स्वतःचं विवरणपत्र भरायचं. मी पहिल्याच वर्षी भरलं. ते पाठवताना, का कोण जाणे, मला बरं वाटलं.

आणि मग आपले लोक. गणपतीला आम्ही गाडी काढून पुढच्या मोठ्या शहरात जातो. तिथल्या मराठी मंडळाच्या काकांचा फोन आला, कार्यक्रमाच्या सुरुवातीला दाखवायला अर्ध्या मिनिटाचं ॲनिमेशन हवंय. "तुझ्यासाठी काय, दहा मिनिटांचं काम!" मी हो म्हणाले आणि तोच दोन पानी कागद पाठवला. सोबत बिल: रक्कम ४०० पौंड, सवलत ४०० पौंड, देय शून्य.

काकांचा लगेच फोन. "अगं, आपल्यातच कागद कशाला? आणि हे चारशे काय?"

"काका, पैसे नकोच आहेत. फक्त मजकूर तुमच्या हाताने लिहून सही करून पाठवा."

ते जरा दुखावले, मला जाणवलं. पण पाठवलं लिहून. नंतर समितीत कुणी म्हणालं मंडळाचं नाव इंग्रजीतही हवं, कुणी म्हणालं प्रायोजकांची नावं घाला. ॲनिमॅटिकवरच घातली. दुसरी फेरी संपल्यावर आणखी कुणीतरी काहीतरी काढलं, तेव्हा काकाच त्याला म्हणाले, "आता नाही, तिच्या दोन फेऱ्या झाल्या." त्यांनी कार्यक्रमाच्या जमाखर्चात माझे चारशे पौंड 'वस्तुरूप देणगी' म्हणून दाखवले. मला ते नारळ-शालीपेक्षा जास्त आवडलं.

सगळीकडे असं झालं नाही. पुण्यात माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राने कंपनी काढली होती. त्याला फिल्म हवी होती, पैसे 'फंडिंग आलं की'. मी त्यालाही कागद पाठवला, टप्प्यांसकट. त्यावर उत्तर आलं नाही. आता दिवाळीला एक फॉरवर्ड येतो, मी एक पाठवते. मी कागद पाठवला नसता तर मैत्री टिकली असती का, की बाराव्या 'फायनल'नंतर तुटली असती, याचा मी पुष्कळ विचार केलाय. अण्णा म्हणतात, मित्राला कागद पाठवायचा नसतो. आई काही म्हणत नाही. अण्णांच्या त्या मित्रांपैकी किती जण आता घरी येतात, हे तिला ठाऊक आहे.

ज्या मुलीचं गणन मी बुडवलं, तिच्या प्रबंधाच्या मुखपृष्ठाचं चित्र मी करून दिलं. तिने आधी विचारलं, "किती घेतेस?" मी म्हटलं, हे माझं देणं आहे. तिने खांदे उडवले आणि मग स्वतःहूनच 'मंजूर' असा मेल पाठवला.

आईचा फोन दर रविवारी असतो. नवं काम आलं की ती एकच विचारते, "विसार आला का?" गेल्या रविवारी मी तिला सांगितलं की एक चांगलं काम सोडलं. अनुदानाच्या अर्जाची मुदत जवळ आली होती, आणि माझे सहा तास भरलेले होते.

"त्यांना लगेच कळवलंस ना? ताटकळत नाही ना ठेवलंस?"

"त्याच दिवशी कळवलं. दुसऱ्या एकीचं नावही दिलं."

"मग बरं," आई म्हणाली, आणि फोन अण्णांकडे दिला.